फासळी की कूस? आदाम-हव्वेच्या गोष्टीच्या आतली गोष्ट

मध्यंतरी आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी अगदी ठामपणे टाकलं की पुरुषाला बाईपेक्षा एक फासळी कमी असते, कारण देवाने आदामची ती काढून हव्वा बनवली. नाही हो. दोघांनाही बाराच जोड्या असतात, एक्सरे काढा आणि मोजा. पण तो मेसेज वाचून डोक्यात दुसराच किडा वळवळला, की मुळात हिब्रूमध्ये "फासळी" असं म्हटलंय तरी का? त्या किड्यामागे जाता जाता जे हाती लागलं ते इतकं भन्नाट होतं की म्हटलं एकदा सगळं सोपं करून लिहून काढू.

आधी गोष्ट. ज्यू लोकांच्या तोराचं पहिलं पुस्तक म्हणजे "बेरेशीत", आपल्या मराठी बायबलातलं "उत्पत्ती". लोकांना वाटतं त्यात माणूस बनवायची एक गोष्ट आहे, पण नीट वाचलं तर दोन आहेत. पहिल्या अध्यायात सहाव्या दिवशी देव नर आणि नारी एकदमच बनवतो, माती नाही फासळी नाही काही नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र आधी मातीतून एकटा आदाम, मग बाग, मग जनावरं, आणि त्या सगळ्या जनावरांत त्याच्या जोडीचं कोणीच सापडत नाही म्हणून त्याला गाढ झोप आणून त्याच्यातून बाई. आजचे अभ्यासक सरळ सांगतात की ह्या दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि कोणीतरी त्या एकापुढे एक जोडल्या, विषय संपला. जुन्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, असं म्हणून सुटता येत नव्हतं. त्यांच्या लेखी अख्खा ग्रंथ एका देवाचा, त्यात एक अक्षरही उगाच नाही, तेव्हा जिथे जुळत नाही तिथे काहीतरी दडलंय एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात खटकणारी जागा म्हणजे पहिल्या अध्यायातलं सत्ताविसावं वचन. मराठी बायबलात ते असं येतं: "देवाचे प्रतिरूप असा तो निर्माण केला, नर व नारी अशी ती निर्माण केली." आधी "तो", आणि लगेच "ती". ही "ती" स्त्रीलिंगी नाहीये बरं का, "ती दोघं" मधली ती, नपुंसकलिंगी अनेकवचन. मराठीत नवरा-बायको मिळून नपुंसकलिंगात जातात हे आपल्याला बोलताना कधी जाणवतही नाही. हिब्रूत नपुंसकलिंगच नाही, तिथे आधी "ओतो" म्हणजे त्याला, आणि मग "ओताम" म्हणजे त्यांना. मग तो एक होता की ते दोन होते? पुढे पाचव्या अध्यायात तर देवाने नर-नारी बनवून "त्यांचं" नाव आदाम ठेवलं असं लिहिलंय, म्हणजे दोघांत मिळून एक नाव!

ह्याच्यावर "बेरेशीत रब्बा" नावाच्या मिद्राशमध्ये चर्चा आहे. मिद्राश म्हणजे वचनांवरच्या रब्बींच्या गोष्टी, वाद, कोट्या सगळं एकत्र, आणि हा मिद्राश साधारण पाचव्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये संकलित झाला. त्यात रब्बी यिर्मया बेन एलाझार म्हणतात की पहिला माणूस "अँड्रोगिनोस" होता, स्त्री-पुरुष एकातच. त्यांच्या मागून रब्बी श्मुएल बार नाहमान अजून पुढे जातात: तो "दू-पार्त्सुफिन" होता, दोन तोंडांचा, मग देवाने त्याला करवतीने मधोमध कापलं आणि दोन पाठी केल्या, एक इकडे एक तिकडे. लगेच कोणीतरी आडवं येतंच, अहो पण ग्रंथात तर एक "त्सेला" काढली असं आहे, फासळी! तर ते म्हणतात, वाळवंटातल्या पवित्र मंडपाचं वर्णन वाचा, तिथे "मंडपाची दुसरी त्सेला" म्हणजे मंडपाची दुसरी बाजूच ना? आणि खरंच, हिब्रू बायबलात हा शब्द जास्त करून मंडपाच्या नाहीतर मंदिराच्या बांधकामातच येतो. मला विचाराल तर मराठीत ह्याला चपखल शब्द आहे, कूस. अंगाची बाजू, झोपेत बदलतो ती, आणि पोरं जन्माला येतात ती पण. "आदाम झोपला आणि देवाने त्याची एक कूस वेगळी केली" असं भाषांतर असतं तर तो फासळ्यांचा हिशोब झालाच नसता.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या वादांच्या आणि नियमांच्या मोठ्या ग्रंथात, हा वाद अजून रंगतो. रव आणि श्मुएल हे दोन मोठे गुरु, त्यातला एक म्हणतो देवाने वेगळं केलं ते दुसरं तोंड होतं, दुसरा म्हणतो शेपूट होतं. (हो, शेपूट. ह्या लोकांना कुठलंही उत्तर वर्ज्य नव्हतं.) तोंडाचा पुरावा म्हणून काय दाखवतात बघा. देवाने आदाम घडवला तिथे "वय्यीत्सेर", म्हणजे "आणि त्याने घडवलं", हा शब्द दोन "योद" अक्षरं घालून लिहिलाय. योद म्हणजे हिब्रूतलं सगळ्यात छोटं अक्षर, स्वल्पविरामाएवढं. पुढे जनावरं घडवली तिथे तोच शब्द एका योदने. आपण शुद्धलेखनाची चूक म्हणून सोडून देऊ, ते म्हणतात दोन योद म्हणजे दोन तोंडं. लगेच पुढची शंका, दोन तोंडांचा माणूस चालताना पुढे कोण असायचं? उत्तर: पुरुष, कारण बाईच्या मागून चालणं पुरुषाला शोभत नाही, स्वतःची बायको असली तरी. म्हणजे देह एक, मधली पाठ एक, तरी पुढे कोण हे ठरवून झालंय. आपल्याकडच्या कुठल्याही घरात खपेल असा युक्तिवाद.

त्याच पानांवर अजून एक गोष्ट आहे. देवाने त्या कुशीची बाई "बनवली" ह्यासाठी हिब्रूत बांधकामाचं क्रियापद आहे, "बांधली" असं. तर एक रब्बी सांगतात, ह्याचा अर्थ देवाने हव्वेची वेणी घातली आणि मग तिला आदामकडे आणलं, कारण समुद्राकाठच्या गावांत वेणीला त्याच धातूवरून आलेला शब्द वापरतात. विश्व निर्माण करणारा देव बसून एका मुलीची वेणी घालतोय. मी ते तीनदा वाचलं.

आता ज्यांनी प्लेटो वाचलाय ते म्हणतील हे तर "सिम्पोझियम" मधलं आहे. बरोबर. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या त्या संवादात ॲरिस्टोफेनिस नावाचा विनोदी नाटककार सांगतो की पूर्वी माणसं गोल होती, चार हात, चार पाय, दोन तोंडं, आणि झ्यूस ह्या ग्रीकांच्या मुख्य देवाने त्यांना उभं चिरलं, तेव्हापासून प्रत्येक जण आपला अर्धा भाग शोधत फिरतोय. रब्बींनी ते ऐकलेलं असणार, कारण "अँड्रोगिनोस" हा शब्दच ग्रीक आणि "पार्त्सुफ" पण ग्रीक "प्रोसोपोन" वरून आलेला. पण कापण्याचं कारण बघा. झ्यूस कापतो ते माणसं डोईजड झाली म्हणून, शिक्षा म्हणून. मिद्राशमध्ये शिक्षा नाहीच, तिथे मूळ वाक्य आहे "माणूस एकटा असणं बरं नाही". जो दोन तोंडांचा आहे, ज्याच्यात दोघंही आहेत, तोच एकटा आहे! कारण दोघं पाठीला पाठ चिकटलेली, एकमेकांना बघूच शकत नाहीत.

इथे मराठी वाचकाला अर्धनारीनटेश्वर आठवणारच, घारापुरीच्या लेण्यातला तर डोळ्यासमोरच असेल. मलाही आधी तेच वाटलं. पण अर्धनारीश्वरात दोघं शेजारी-शेजारी आहेत, अर्धं अंग त्याचं अर्धं तिचं, तोंड एकाच दिशेला, आणि ते एकत्र असणं हीच पूर्णता. हिब्रू गोष्टीत ते एकत्र असणं हा अडचणीचा भाग आहे. "सगळं एकच हो" म्हणून दोन्ही एका पिशवीत कोंबू नका एवढंच म्हणणं.

अजून एक शब्द दाखवतो. देव म्हणतो की मी आदामसाठी "एझेर केनेग्दो" करीन. मराठी बायबलात "अनुरूप सहकारी" असं येतं, पण "केनेग्दो" मध्ये "नेगेद" आहे, म्हणजे समोर. समोरासमोरची मदत. हाच शब्द "विरुद्ध" ह्या अर्थानेही जातो, म्हणून अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी तालमूदचा दाखला देऊन म्हणतो, नशीब असलं तर मदत, नसलं तर विरोध. लग्न झालेल्यांना वेगळं समजवायला नको.

इथपर्यंत सगळं माणसांबद्दल चाललं होतं. कबाला, म्हणजे ज्यू गूढविद्या, मात्र हीच गोष्ट उचलून थेट देवाच्या आत नेऊन ठेवते, आणि गूढ म्हणतात तो भाग इथे सुरू होतो.

कबालाचा मोठा ग्रंथ म्हणजे झोहार, तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनच्या कॅस्टिल भागात प्रगट झालेला, भाषा अरामी. परंपरा म्हणते तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योहायचा, पण गेर्शोम शोलेमसारखे अभ्यासक म्हणतात तो मुख्यतः मोशे दे लेओन ह्या स्पेनमधल्या कबालावाल्याने लिहिला, जो १३०५ साली वारला. झोहारची समजूत अशी: खरा देव "एन सोफ" आहे, अंत नसलेला, त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. पण त्याच्यातून दहा शक्ती, दहा "सेफिरोत" बाहेर येतात आणि त्यांच्या आपसातल्या व्यवहारातून जग चालतं. ह्या दहांत नर-मादी आहेत. होख्मा म्हणजे शहाणपण, हा पिता, एक नुसता बिंदू. बिना म्हणजे समज, ही आई, त्या बिंदूभोवती उभा राहिलेला महाल, आणि बाकीच्या शक्ती तिच्या पोटातून जन्मतात. खाली तिफेरेत हा मुलगा किंवा राजा, आणि सगळ्यात शेवटी मालखुत, तिचंच दुसरं नाव शेखिना, ही मुलगी, राणी, नवरी. तालमूदमध्ये शेखिना म्हणजे देवाचं माणसांत वसलेलं सान्निध्य एवढंच होतं, शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी होता इतकंच. कबालात ती चक्क एक स्त्री झाली.

मग पहिला अध्याय आठवा, "देवाच्या प्रतिरूपाचा माणूस, नर आणि नारी". झोहार म्हणतो सरळ आहे की! वरच नर-नारी आहेत म्हणून खाली नर-नारी आहेत. ज्या प्रतिमेत दोन्ही नाहीत ती वरची प्रतिमाच नव्हे, आणि जिथे नर-मादी एकत्र नाहीत तिथे देव मुक्काम करत नाही. "आदाम" हे नावही दोघं मिळूनच लागतं, पाचव्या अध्यायात तसं लिहिलंयच. त्या काळच्या युरोपात शेजारी भिक्षू आणि जोगिणी ब्रह्मचर्याला सगळ्यात वर ठेवत होत्या हे लक्षात घेतलं तर हे वाक्य किती वेगळं होतं ते कळतं. बिनलग्नाचा माणूस झोहारच्या लेखी अर्धा देह.

अक्षरांचा खेळ तर मराठीतून पण कळतो. हिब्रूत पुरुष म्हणजे "ईश", बाई म्हणजे "ईशा". (आपल्या ईश्वराशी काही संबंध नाही, नुसता कानाचा योगायोग.) मराठी भाषांतरकाराने तिथे "नर" आणि "नारी" घालून कोटी मस्त पकडलीय. ईश लिहिताना आलेफ-योद-शिन, ईशा लिहिताना आलेफ-शिन-हे. दोघांत आलेफ आणि शिन सारखे, आणि आलेफ-शिन म्हणजे "एश", आग. उरलं काय, त्याच्यातला योद आणि तिच्यातला हे, आणि योद-हे मिळून "याह", देवाचं नाव. रब्बी अकिवाच्या नावावर तालमूदमध्ये हेच आहे की नवरा-बायको लायकीचे असले तर त्यांच्यामध्ये शेखिना असते, नसले तर आग त्यांना खाते. वहीवर एकदा लिहून बघा, देवाचं अक्षर खोडलं की दोन्हीकडे नुसती आग उरते.

पण मग वरच्या राजा-राणीत बरोबरी आहे का? इथे चंद्राची गोष्ट येते, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे. चौथ्या दिवशी देवाने "दोन मोठे प्रकाश" केले असं लिहिलंय आणि त्याच वचनात पुढे "मोठा प्रकाश आणि छोटा प्रकाश". रब्बी शिमोन बेन पाझी विचारतात हे कसं? तर चंद्र, ह्या गोष्टीत ती, देवाला म्हणाली की दोन राजांना एकच मुकुट कसा चालेल? देव म्हणाला बरोबर आहे, जा, तू लहान हो. ती म्हणाली, मी रास्त बोलले म्हणून मीच लहान व्हायचं? देव तिला समजावतो, तू दिवसाही दिसशील, लोक तुझ्यावरून दिवस आणि वर्षं मोजतील, ती काही मानत नाही. शेवटी देव म्हणतो, दर अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला माझ्यासाठी प्रायश्चित्ताचा बळी द्या, कारण मी चंद्राला लहान केलं. देव स्वतःसाठी प्रायश्चित्त मागतोय! कबालात ही चंद्र म्हणजेच शेखिना, जिला स्वतःचा प्रकाश उरला नाही, राजाकडून येईल तेवढाच. आणि यशयाच्या पुस्तकात लिहिलंय की एक दिवस चंद्राचा प्रकाश सूर्यासारखा होईल, त्या दिवसाची वाट बघत बसायचं.

करवत परत येते ती त्सफातला. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकललं, त्यांच्यातले बरेच गूढवादी पुढे गालीलच्या डोंगरातल्या ह्या गावात जमले, आणि तिथे १५७० साली इजिप्तहून कबालाचा गुरु इत्झाक लुरिया आला. दोनेक वर्षांत, १५७२ ला, अडतिशीतच तो साथीत गेला, स्वतः जवळपास काही लिहिलं नाही, जे काही आहे ते शिष्यांनी, मुख्य म्हणजे हाईम विटालने, लिहून ठेवलेलं. लुरिया सांगतो की राजा आणि राणी आधी "आहोर बे-आहोर", पाठीला पाठ होते. मधली भिंत दोघांत एक. तिला जे काही मिळायचं ते त्याच्यातून जाऊन. मग राजाला झोप येते, आदामला आली तीच, आणि "नेसिरा" होते, करवतणं. ती सुटी होते, तिला स्वतःची पाठ मिळते, आता तिला थेट आईकडून, बिनाकडून मिळतं, आणि मग दोघं वळून "पानीम बे-पानीम", समोरासमोर येतात. आणि हे एकदाच झालं असं नाही, दरवर्षी होतं. रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष, हा आदामच्या जन्माचा दिवस मानतात, त्या दिवशी झोप आणि कापणं सुरू होतं, शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग फुंकायचं ते जागं करायला, आणि योम किप्पूर ह्या प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत दहा दिवस करवत चालू. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, रोश हशानाला "नव्याचा सण" म्हणायचे आणि योम किप्पूरला "दरफाळणीचा सण", म्हणजे दारं बंद करण्याचा, तेच हे दहा दिवस, फक्त तिथे करवत नव्हती, कारण ही कबाला त्यांच्याकडे पोचण्याआधीपासून ते सण करत होते.

हे वाचून कोणी "वा, स्त्रीवादी धर्म" म्हणून उड्या मारू नयेत. हे सगळं लिहिणारे पुरुष, पुरुषांसाठी. त्यांच्या चित्रात नर देतो आणि मादी घेते, ती भांडं, तो ओतणारा, आणि कठोर न्यायाची, रागाची शक्तीही तिच्याच बाजूला टाकलेली. एलियट वुल्फसनसारखे आजचे अभ्यासक तर म्हणतात की शेवटी ही स्त्री पुरुषातच विरघळवली जाते. मला ते पूर्ण पटत नाही, चंद्राची गोष्ट लिहिणाऱ्याला काहीतरी टोचत असणार, पण नाकारताही येत नाही.

सगळ्यांनाच ही फाळणी चांगली वाटली असंही नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जी जुनी पोथ्यांची हंडी सापडली त्यातल्या फिलिपच्या शुभवर्तमानात उलटं आहे: हव्वा आदामच्या आत होती तोवर मरण नव्हतं, ती वेगळी झाली आणि मरण आलं. जर्मनीतल्या गोर्लिट्झचा याकोब बोहमे, धंद्याने चांभार, १६२४ ला वारला, त्याच्या मते आदामची झोप हाच पहिला अधःपात, कारण त्याच्या आत सोफिया नावाची कुमारी होती ती त्याने गमावली. म्हणजे एकाला करवत म्हणजे जखम, दुसऱ्याला भेटीची तयारी. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो ह्या दोन्हीत बसत नाही, त्याचा आदाम म्हणजे बुद्धी आणि हव्वा म्हणजे इंद्रियं, आणि घोळ कोणामुळे होतो ते ओळखाच.

इंटरनेटवर मात्र ह्यातलं काहीच फिरत नाही, फिरते ती लिलिथ, आणि "एलोहीम" ची थिअरी. लिलिथ आदामची पहिली बायको ही गोष्ट "बेन सिराची बाराखडी" नावाच्या मध्ययुगीन, बऱ्यापैकी चावट पुस्तकातून आलीय, तोरात नाही. दुसरी थिअरी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची. मॅकग्रेगर मॅथर्स ह्या गूढविद्यावाल्याने १८८७ साली लिहिलं की देवाचं नाव एलोहीम हे "एलोआह" ह्या स्त्रीलिंगी शब्दाला पुल्लिंगी अनेकवचनाचा "ईम" लावून झालंय, म्हणजे देव स्त्री-पुरुष दोन्ही, आणि भाषांतरकारांनी हे लपवलं. ऐकायला भारी, पण एलोआह पुल्लिंगीच आहे, शेवटचा "ह" हा धातूतलाच, स्त्रीलिंगी प्रत्यय नव्हे, आणि पहिल्याच वचनातलं "बारा", म्हणजे "त्याने निर्माण केलं", पुल्लिंगी एकवचनी आहे. खरं तर त्याला एवढं खणायची गरज नव्हती. दुसऱ्याच वचनात पाण्यावर घिरट्या घालणारा देवाचा "रुआख" स्त्रीलिंगी आहे, क्रियापदासकट, उघड्यावर. पण त्यावरून देव बाई ठरत नाही, आपल्याकडे वारा तो आणि हवा ती, म्हणून कोणी त्यांचं लग्न लावत नाही.

राहिली ती राणी. त्सफातमध्येच त्याच शतकात श्लोमो अल्काबेत्झने "लेखा दोदी" लिहिलं, "चल रे सख्या, नवरीला भेटायला". नवरी म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, आणि कबालाच्या कानांना शेखिना. शुक्रवारी सूर्य मावळताना जगभरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनाघरांत, ते गातात, ठाण्या-पुण्याच्याही. सगळे तोराच्या पवित्र कपाटाकडे तोंड करून उभे असतात, दाराकडे पाठ. शेवटचं कडवं आलं की बऱ्याच ठिकाणी सगळेच्या सगळे मागे वळतात, दाराकडे तोंड करतात, थोडं वाकतात आणि दोनदा म्हणतात, "बोई खल्ला", ये नवरी.